'फ्री आहे हो साहेब' ऐकून सही करू नका: क्रेडिट कार्डांची तुलना करताना या चुका टाळा

सोलापूरच्या नवी पेठेत दिवाळीच्या खरेदीला गेलो होतो. दुकानाबाहेर टेबल टाकून क्रेडिट कार्डं खपवणाऱ्या पोरानं गाठलं. "फ्री आहे हो साहेब, फक्त आधार आणि पॅन द्या." दिलं. वर्ष मजेत गेलं आणि तेराव्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये १,१७९ रुपये लागले. ९९९ रुपये वार्षिक शुल्क, वर १८ टक्के जीएसटी. मित्रानं कागद हातात घेतला आणि म्हणाला, "काय बे, फ्री म्हणत होतास की!"

पोरगं खोटं बोललं असं म्हणता येत नाही. पहिलं वर्ष फ्रीच होतं. 'पहिलं वर्ष मोफत', 'अमुक खर्च केला तर शुल्क माफ' आणि 'लाइफटाइम फ्री' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यातली नेमकी कोणती ते मी विचारलं नव्हतं. खर्चाच्या अटीवर माफी असेल तर आणखी दोन प्रश्न विचारा. वर्ष कधीपासून मोजता? बहुतेक ठिकाणी ते एप्रिलपासून नाही, कार्ड मिळालं त्या तारखेपासून मोजतात. आणि कोणता खर्च धरत नाही? घरभाडं, पेट्रोल, वॉलेटमध्ये भरलेले पैसे अनेकदा वगळलेले असतात. लाखाचा टप्पा गाठला असं आपण समजतो आणि बँकेच्या वहीत सत्तर हजारच असतात.

टक्के बघता, पण कशावरचे?

सगळ्यात महाग चूक हीच. दोन कार्डं शेजारी ठेवून लोक '५ टक्के' आणि '१ टक्का' एवढंच बघतात. त्याआधी स्वतःच्या घराचा महिना कागदावर मांडा.

समजा, एका घराचा महिन्याचा खर्च असा आहे: किराणा ६,०००, पेट्रोल २,५००, वीज-मोबाइल-इंटरनेट ३,०००, ऑनलाइन खरेदी ३,०००, मुलांच्या शाळेची फी ४,०००. एकूण १८,५००. पहिलं कार्ड ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के परत देतं, शुल्क ९९९ रुपये. पण शाळेची फी, बिलं, पेट्रोल आणि क्यूआर स्कॅन करून दिलेला किराणा, या कशावरच काही देत नाही. म्हणजे महिन्याला १५० रुपये, वर्षाला १,८००. त्यातून १,१७९ गेले की हातात ६२१. दुसरं कार्ड खरोखर लाइफटाइम फ्री, पेट्रोल सोडून सगळ्यावर १ टक्का. १६,००० वर महिन्याला १६०, वर्षाला १,९२०.

पाच टक्क्यांचं कार्ड एक टक्क्याच्या कार्डापुढे तिपटीनं हरलं. ऑनलाइन खरेदी महिन्याला पंधरा हजारांची असती तर पारडं उलटं फिरलं असतं, फक्त 'महिन्याला कमाल अमुक रुपये' ही मर्यादा बघून ठेवा. माझ्या पुण्यातल्या भाच्याला जे कार्ड परवडतं ते मला जुळे सोलापुरात परवडेलच असं नाही.

खर्चावर मिळणाऱ्या पॉइंटांचंही तसंच. 'दीडशे रुपयांवर ४ पॉइंट' हे 'शंभरावर १ पॉइंट' पेक्षा भारी वाटतं. पण पहिल्याचा पॉइंट २५ पैशांचा आणि दुसऱ्याचा रुपयाचा असेल, तर पहिलं शेकडा ६७ पैसे देतं आणि दुसरं पूर्ण रुपया. एका पॉइंटची रुपयांत किंमत किती, ते कधी बाद होतात आणि वटवताना शुल्क लागतं का, हे विचारा. ९९ रुपये अधिक जीएसटी असं शुल्क घेणारी कार्डं आहेत.

आपल्या बाजारात ते चालतं का?

चाटी गल्लीत साडीचा भाव तासभर घासून खाली आणायचा आणि मग कार्ड काढायचं, की दुकानदार म्हणतो, "कार्डाला दोन टक्के जादा लागतील." एक टक्का परत मिळवायला दोन टक्के द्यायचे? तिथं साधं यूपीआय बरं.

म्हणूनच रुपे क्रेडिट कार्डाचा विचार करा. ते यूपीआयला जोडता येतं. व्हिसा, मास्टरकार्डला ही सोय नाही. पण इथंही एक मेख आहे: ते दुकानदाराच्या व्यापारी क्यूआरवरच चालतं. लक्ष्मी मार्केटात भाजीवाल्या मावशींचा क्यूआर त्यांच्या वैयक्तिक खात्याचा असेल तर पैसे जाणार नाहीत, आणि त्यात मावशींची किंवा ॲपची काही चूक नाही. शिवाय यूपीआयच्या खर्चावर कमी पॉइंट देणारी किंवा काहीच न देणारी कार्डं पुष्कळ आहेत. तुलनेत हा वेगळा रकाना ठेवा. दहा लाखांहून जास्त चालू कार्डं असलेल्या बँकांनी ग्राहकाला नेटवर्क (रुपे, व्हिसा की मास्टरकार्ड) निवडू द्यावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम ६ सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. एजंट विचारणार नाही, तुम्हीच विचारा.

विमानतळावरच्या लाउंजला भुलून जादा शुल्काचं कार्ड घेऊ नका. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं गाठणाऱ्याला त्याचा काय उपयोग? आता बऱ्याच बँकांनी तिमाहीत ठरावीक खर्च केला तरच लाउंज, अशी अटही घातली आहे.

व्याजाचा रकाना कोरा सोडणं

"मी पूर्ण बिल भरणार, मला व्याजाशी काय करायचंय" असं सगळेच म्हणतात. मग लग्नसराई येते आणि स्टेटमेंटवर 'किमान देय' दिसतं, साधारण बिलाच्या पाच टक्के. तेवढं भरलं की दंड टळतो, व्याज टळत नाही. उरलेल्या रकमेवर व्याज खरेदीच्या तारखेपासून धरतात, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. महिन्याला ३.७५ टक्के दर असेल तर वर्षाला ४५. वीस हजार महिनाभर पुढे ढकलले की ७५० व्याज आणि १३५ जीएसटी, मिळून ८८५ रुपये. वरच्या घराला दुसऱ्या कार्डातून साडेपाच महिन्यांत मिळालेलं सगळं एका महिन्यात साफ.

ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. त्यामुळे कायद्याचा टेकू आहे या भरवशावर राहू नका. एटीएममधून कार्डावर रोख काढाल तर त्याच दिवसापासून व्याज आणि वेगळं शुल्क. 'नो कॉस्ट ईएमआय'वरही (बिनव्याजी म्हणून दिलेले हप्ते) प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो, म्हणजे नावातच थोडी गंमत आहे.

हे सगळे दर एका पानावर छापून देणं बँकेला बंधनकारक आहे. अर्जासोबत ते पान मागा. पाच बँकांची पाच पानं शेजारी ठेवली की रंगीत जाहिरात बघायची गरज उरत नाही.

अर्ज अडकला तर

पाच ठिकाणी एकदम अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलसारख्या संस्थांकडे नोंदली जाते, आणि सहावी बँक ती बघूनच नाही म्हणते. आधी स्वतःचा रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. जुनं फेडलेलं कर्ज चालू दिसत असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. पिनकोडवरूनही अर्ज परत येतो. काही कार्डं गावाबाहेरच्या पत्त्यावर देत नाहीत, आणि आधार सोलापूरचं नि नोकरी हिंजवडीत असली की पत्ता जुळत नाही. यंत्रमागावरचा धंदा आहे, पगाराची पावती नाही, तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड सरळ पडतं. ठेवीवर व्याजही चालू राहतं.

कार्ड आलं आणि तुलनेत चुकल्याचं लक्षात आलं, तर सुरू करू नका. तीस दिवसांत सुरू केलं नाही तर बँकेला ओटीपीनं तुमची संमती मागावी लागते. ती दिली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बिनखर्चात बंद करावं लागतं. सुरू केलेलं कार्डही, बाकी फेडलेली असेल तर, विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत बंद झालंच पाहिजे. उशिराच्या प्रत्येक दिवसाला बँक तुम्हाला ५०० रुपये देणं लागते. मी ईमेल पाठवला, तक्रार क्रमांक लिहून घेतला, चौथ्या दिवशी कार्ड बंद. त्याआधी फोनवर तीन वेळा "दुसरी चांगली ऑफर देतो" ऐकावं लागलं. तीस दिवसांत बँकेनं दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते, माहितीसाठी नंबर १४४४८.