उलाँगसाठी जपानी मातीची चहादाणी घेताय? या चुका टाळा

जपानच्या तोकोनामे शहराची लाल मातीची क्यूसू (जपानी चहादाणी) फोटोत दिसली, आवडली, मागवली. बहुतेकांचं इथेच चुकतं. उलाँगसाठी (हिरवा आणि काळा यांच्या मधला चहा) चहादाणी निवडताना आधी तिचं पोट बघा, रंग सगळ्यात शेवटी.

जपानात चहा म्हणजे मुख्यतः सेंचा: वाफवलेली बारीक पानं, ७०-८० अंशांचं पाणी, मिनिटभरात ओतून मोकळं. अशा चहाला बसकी, पसरट क्यूसू छान जमते. तैवानच्या दोंगदिंग किंवा अलिशान उलाँगची गोष्ट वेगळी. हरभऱ्याएवढी सुकी गोळी पाण्यात उलगडली की देठासकट अख्खं पान होतं. पाणीही ९५ अंशांच्या पुढचं लागतं. पसरट भांड्यात ते लवकर निवतं आणि पानांना वर यायला जागाच उरत नाही.

ओळखीतल्या एका गृहस्थांनी ग्योकुरोसाठी (सावलीत वाढवलेला जपानी हिरवा चहा) बनवलेली बसकी क्यूसू घेतली आणि तिच्यात सढळ हाताने उलाँग भरला. तिसऱ्या पाण्याला फुगलेल्या पानांनी झाकण उचललं. ओतताना अंगठ्याने दाबायचं राहिलं, झाकण निसटलं, बोटं भाजली आणि फरशीवर तुकडे झाले. मग मला फोन, ‘नुसतं झाकण मिळेल का?’ नाही मिळत. चांगल्या क्यूसूचं झाकण त्याच भांड्यावर घासून बसवलेलं असतं, दुसरं आणलं तर खडखडतं. हजारो रुपयांची वस्तू आता शोकेसमध्ये आहे. म्हणून मी गोल पोटाची, १५०-२०० मिलीची घेते आणि ५ ग्रॅमच्या वर पान टाकत नाही. विकणाऱ्याकडून झाकण काढून वरून घेतलेला फोटो आल्याशिवाय पैसेही देत नाही.

दुसरी चूक बघून तर जीव तुटतो. नव्या क्यूसूच्या तोटीला प्लॅस्टिकची छोटी नळी लावलेली असते. ती फक्त प्रवासात टोक फुटू नये म्हणून असते, तरी लोक वर्षानुवर्षं काढत नाहीत. आत चहा साचतो, बुरशी धरते, धार बिघडते, आणि मग ‘तोटी गळते’ अशी तक्रार. पहिल्याच दिवशी ती काढून टाका. तोटी जपायची तर धुताना नळापासून लांब धरा.

साबण नको. गरम पाण्याने विसळायचं, झाकण बाजूला ठेवून वाळू द्यायचं. थंडगार चहादाणीत एकदम उकळतं पाणी ओतू नका, आधी कोमट फिरवून घ्या.

चहाच्या पाण्यात तासभर उकळून भांडं ‘मुरवायचे’ व्हिडिओ विसरा. रोजच्या वापराने जी चकाकी येते ती एका दुपारी येत नाही, आणि इतकी घाई असेल तर चिनी मातीचं गायवान (झाकणाचा कप) घ्या, उलाँग त्यातही उत्तम होतो.

जपानातल्याच हागी गावची माती सच्छिद्र असते, वास धरून ठेवते. हलक्या, फुलांच्या वासाच्या उलाँगसाठी मी ती घेत नाही. तोकोनामेची किंवा योक्काइची शहरातल्या ‘बांको’ भांड्यांची माती जास्त घट्ट. गाळणी मातीचीच असू दे. तिची भोकं मात्र बघून घ्या, कारण मोठ्या पानाला फार बारीक जाळी लागत नाही.

आडव्या मुठीची क्यूसू सहसा उजव्या हातासाठी असते. डावखुऱ्यांनी तशी वेगळी मागून घ्यावी, किंवा मागे मूठ असलेली घ्यावी. १८७८ च्या सुमारास चीनमधून आलेल्या कारागिराने तोकोनामेला चीनमधल्या यीशिंगची चहादाणी घडवायची पद्धत शिकवली, आणि मागच्या मुठीच्या चहादाण्या आजही तिथे मिळतात.