कोरड्या डोळ्यांचे थेंब गालावर वाया जाऊ नयेत म्हणून

डोळे कायम कोरडे पडत असतील तर थेंबांची बाटली महिन्याच्या खर्चातच धरावी लागते, आणि त्यातलं बरंचसं औषध गालावर ओघळतं. डोळ्यात धड एक थेंबही मावत नाही. ‘असू दे अजून एक’ म्हणून टाकलेला दुसरा फुकटच.

१. मान मागे करा, खालची पापणी ओढून खळगी करा, त्यात एकच थेंब. बाटलीचं टोक कुठेही टेकवू नका.

२. डोळा अलगद मिटा. नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. औषध तिथूनच नाकात उतरतं.

३. डोळ्यात घालायचं दुसरं औषधही असेल, तर ते ५ मिनिटांनी. मलम शेवटी, झोपताना.

दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारं रसायन) नसलेले कोणते घ्यावेत, ते डॉक्टरांना विचारा.