तोंडी नको, लेखी तक्रार द्या

महापेच्या एमआयडीसीत शिफ्टमधल्या पोरींना मी हेच सांगते: साहेबांच्या कानावर घालून भागत नाही, कागद हवा. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार घटनेपासून ३ महिन्यांत तक्रार द्यायची असते. तारीख, वेळ, जागा आणि तो बोलला ते शब्द जसेच्या तसे लिहा, लाजू नका. व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका. पोच सही-शिक्क्यासह घ्याच.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं ही तक्रार घेऊन चौकशी करणारी अंतर्गत समिती हवीच. कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. ऑफिस तुर्भ्याला असेल तर ठाणे जिल्हा, खारघरला असेल तर रायगड; इथं फार जणी चुकतात. कंत्राटी असलात तरी हक्क तोच. चौकशी चालू असताना बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा लेखी मागा.