मळमळीची गोळी घेताना: मेटोक्लोप्रामाइड जपून कसं वापरावं

मेटोक्लोप्रामाइड मळमळ शमवतं आणि सुस्तावलेल्या जठरातलं अन्न पुढे ढकलतं. त्यासाठी ते डोपामाइन या शरीरातल्या रसायनाला अडवतं. पण मेंदूत हेच डोपामाइन शरीराच्या हालचालीही सांभाळतं, म्हणून ही गोळी साधी समजू नका.

आधी डॉक्टरांना सगळं सांगा. पार्किन्सन, फिट, आतड्यातला अडथळा किंवा पोटातला रक्तस्राव असेल तर ती चालत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. नैराश्य किंवा मानसिक आजारावरच्या गोळ्या चालू असतील तर तेही लपवू नका.

जठर मंदावलं असेल तर गोळी सहसा जेवणाआधी अर्धा तास घेतात. दोन डोसांत किमान 6 तास हवेत. गोळी उलटून पडली तरी लगेच दुसरी घेऊ नका, आणि चुकलेला डोस भरून काढायला दोन एकदम तर नकोतच. गुंगी येते, म्हणून गाडी चालवू नका, दारू टाळा.

मधुमेहींनी एक गोष्ट आवर्जून विचारावी. अन्न लवकर पुढे सरकू लागलं की साखर वाढण्याची वेळ बदलते, त्यामुळे इन्सुलिनचा डोस किंवा वेळ बदलावी लागू शकते.

आता दिवस मोजा. पहिली गोळी घ्याल ती तारीख पेनाने स्ट्रिपवरच लिहा. युरोपात 2013 पासून सर्वसाधारण मर्यादा 5 दिवसांची आहे. अमेरिकेत जठराच्या आजारासाठीही 12 आठवड्यांपलीकडे ती देऊ नये असं बजावलेलं आहे. बरं वाटतंय म्हणून जुन्या चिठ्ठीवर पुन्हा आणणं, ही मला सगळ्यात घातक सवय वाटते. फार दिवस घेतल्यास ओठ चाळवणं, जीभ वळवळणं, उगाच चघळल्यासारखा जबडा हलणं सुरू होतं. औषध बंद केल्यावरही ते कधी कधी जात नाही. वयस्कर बायकांना याचा धोका जास्त.

तरुणांत आणि मुलांत वेगळाच त्रास होतो, तोही पहिल्या एक-दोन दिवसांत: मान एका बाजूला पिळते, डोळे वर जातात, जबडा अडकतो. माणूस शुद्धीवर असतो, पण घरच्यांना फिटच वाटते. अशा वेळी पुढचा डोस देऊ नका, लगेच दवाखाना गाठा आणि स्ट्रिप सोबत न्या. कारण कळलं की यावर इंजेक्शन देतात आणि बहुधा थोड्याच वेळात मान सैल पडते.