सायकसचा बुंधा पावसाआधी मोकळा करा

नवतपा सरत आलाय. पहिला दमदार पाऊस पडायच्या आत नागपूर, हिंगणा, कळमेश्वरकडच्या नर्सरीवाल्यांनी बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच : सायकसच्या, म्हणजे ताडासारख्या दिसणाऱ्या त्या शोभेच्या झाडाच्या, बुंध्याभोवतीची काळी माती काढा. खोल दाबलेली झाडं सडताना मी दर पावसाळ्यात पाहतो. खोडात पिठूळ साठा असतो, त्यावर झाड महिनोन्महिने हिरवं राहतं. पान पिवळं पडेपर्यंत आतलं खोड भुसभुशीत झालेलं असतं.

संत्रावाल्यांना हे नवं नाही. डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग, येऊ नये म्हणून आपण दुहेरी आळं करतो, बुंध्याला पाणी लागू देत नाही. मग सायकसच खड्ड्यात का? मुरूम आणि जाड वाळू मिसळून वीतभर उंच गादी करा. खोडाचा निम्मा फुगीर भाग उघडा राहू द्या. माझा अंदाज असा, की अर्धी झाडं एवढ्यानंच वाचतात.

बाकी कामं :
- सड दिसल्यास तेवढा भाग खरवडून कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लावा, 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम.
- नवी पानं उलगडताना रोज पाहणी. निळ्या फुलपाखराच्या अळ्या हातानं वेचा, मग 5 टक्के निंबोळी अर्क.
- पांढऱ्या खवल्यांची (खवलेकीड लागलेली) पानं कापून जाळा.
- युरियाची घाई नको. पोवळ्यासारख्या मुळांतलं नीलहरित शैवाल हवेतला नत्र देतं.
- पानं, बिया विषारी. गुरं दूर ठेवा.

मुळ्या फुटायचं महागडं औषध दुकानदार गळ्यात मारेल. पाणी तुंबतंय तिथं ते पैसे चिखलात.

झाड सडलं की लोक दुसरं शोधतात, आणि कुणीतरी ‘दुर्मीळ जंगली’ म्हणून मुळ्या तोडलेलं खोड आणून देतो. घेऊ नका. जंगली सायकसांतली सायकस बेडोमीच पाहा. ही जात फक्त आंध्रच्या पूर्व घाटात, तिरुपती-कडप्प्याच्या डोंगरांत आहे. वारंवारच्या वणव्यात तिची रोपं जळतात, औषधासाठी नरशंकू तोडले जातात. नर-मादी झाडं वेगळी, त्यामुळे शंकू गेले की मादीला परागच मिळत नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत ती आहे. डोंगरावरून उपटलेलं असं खोड आपल्या काळ्या मातीत सडलं, तर जंगलातलं झाड गेलं आणि इथलंही. सायकस कोणताही असो, बियांपासून वाढवलेलं, मुळ्या शाबूत असलेलं रोपच मागा.

आज संध्याकाळीच प्रत्येक बुंध्याशी बादलीभर पाणी ओता. तासाभरात मुरलं नाही, तर उद्या सकाळी ते झाड उचलून गादीवर बसवा.