आनंदमेळ्यातला शर्यतीचा खेळ बनवताय? या चुका टाळा

डिसेंबर जवळ आला की कुणी ना कुणी अर्धवट झालेला खेळ घेऊन माझ्याकडे येतं. खेळ तोच, जत्रेतला. चढत्या फळीवर चेंडू लोटायचा, तो भोकात पडला की आपला बैलगाडा पुढे सरकतो, जो आधी पोहोचेल तो जिंकला. गाडे झकास रंगवलेले असतात, बैलांच्या शिंगांना गोंडेसुद्धा लावलेले असतात, फक्त चेंडू नीट मोजला जात नाही. मग सगळ्या मेहनतीचा उपयोग काय? गाडे सगळ्यात शेवटी करा. आधी एकच रांग उभी करा, भोकात शंभर वेळा चेंडू टाका आणि आर्डुइनोच्या (चेंडू मोजून मोटर फिरवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) सीरियल मॉनिटरवर, म्हणजे लॅपटॉपवर आकडे दाखवणाऱ्या खिडकीत, बरोबर शंभर दिसतात का ते पाहा. 99 दिसले तरी पुढे जाऊ नका.

उन्हात आयआर सेन्सर

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. चार रांगा, प्रत्येक भोकाखाली निळ्या पाटीचा तो स्वस्तातला आयआर मॉड्यूल, म्हणजे अवरक्त किरण सोडून ते परत आले की समोर वस्तू आहे असं सांगणारा सेन्सर. घरी रात्री ट्यूबलाइटखाली आठवडाभर चाचणी केली, एकही चेंडू चुकला नाही. मेळा शाळेच्या मैदानावर होता. सकाळी नऊला सगळं सुरळीत चाललं होतं. साडेदहाला ऊन मांडवाच्या कडेवरून आत आलं आणि तिसऱ्या रांगेतला गाडा चेंडूशिवाय धावू लागला.

कारण साधं आहे. उन्हात भरपूर अवरक्त किरण असतात. ऊन पडलं की सेन्सरला सतत ‘समोर काहीतरी आहे’ असंच वाटतं. वरून हाताची सावली गेली की तो क्षणभर ‘काही नाही’ म्हणतो, सावली सरकली की पुन्हा ‘आहे’. प्रोग्रामच्या लेखी हा एक चेंडू. मुलांना हे माझ्याआधी कळलं. तिसऱ्या रांगेतला मुलगा भोकांवर हात हलवून जिंकत होता आणि शेजारची चिमुरडी एकेक चेंडू नेम धरून टाकत हरत होती. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. खेळ बंद करून मी सगळ्यांची कुपनं परत केली.

मॉड्यूलवरचा संवेदनशीलतेचा स्क्रू फिरवून हे सुटत नाही. त्या दिवशी अर्धा तास तोच फिरवत बसलो होतो. तेव्हापासून मी भोकाखाली लांब पट्टीचा मायक्रोस्विच (पट्टी दबली की लागणारं छोटं बटण) लावतो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. त्याला ऊन, सावली, रंग काही कळत नाही, फक्त वजन कळतं. म्हणून चेंडूही तसाच हवा. टेबलटेनिसचा चेंडू जेमतेम 2.7 ग्रॅमचा, त्याने पट्टी दबत नाही. गल्ली क्रिकेटचा टेनिस बॉल घ्या. मात्र स्विच एका दाबात अनेकदा थरथरतो, त्यामुळे एकदा मोजल्यावर त्या भोकाकडे 50 मिलिसेकंद बघायचं नाही.

डिले

नेटवरून उचललेल्या जवळपास प्रत्येक प्रोग्राममध्ये हे असतं: चेंडू पडला, मोटर फिरव, डिले 500 (म्हणजे 500 मिलिसेकंद नुसतं थांब). या अर्ध्या सेकंदात आर्डुइनो बहिरा असतो. सेकंदाला दोन मीटर वेगाने पडणारा टेनिस बॉल स्विचवरून साधारण 33 मिलिसेकंदांत निघून जातो. म्हणजे पहिला गाडा सरकत असताना उरलेल्या तीन रांगांतले चेंडू वायाच गेले. लोक म्हणतात, ‘घरी तर चालत होतं.’ घरी तुम्ही एकटे एकेक चेंडू टाकत होतात!

माझी सवय अशी: प्रत्येक गाड्याचा एक आकडा ठेवायचा, ‘अजून किती पावलं बाकी’. चेंडू पडला की त्या आकड्यात भर टाकायची, बस्स. मुख्य लूप न थांबता फिरत राहतो, चारही रांगांचे स्विच बघतो आणि मिलिसवरून (आर्डुइनोचं आतलं घड्याळ) वेळ झाली असेल त्या गाड्याला एकच पाऊल पुढे टाकतो. स्टेपर मोटर (एकेक पाऊल फिरणारी मोटर) चालवायची अ‍ॅक्सेलस्टेपर ही तयार लायब्ररी वापरत असाल तर ‘रन’ वापरा. ‘रनटूपोझिशन’ गाडा पोहोचेपर्यंत प्रोग्रामला पुढे जाऊ देत नाही, म्हणजे पुन्हा डिलेच. ज्यांना हे शिकायला एक संध्याकाळ द्यायची नाही, त्यांनी चार मुलांना रांगेत उभं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या, थोडक्यात

स्वस्त म्हणून 28बीवायजे-48 ही छोटी स्टेपर मोटर घेता, तर आधी हिशेब करा. ती मिनिटाला सुमारे 15 फेरे मारते. 20 दात्यांच्या जीटी2 पुलीवर (दातेरी पट्टा ओढणारं चाक) एका फेऱ्यात 40 मिलिमीटर, म्हणजे सव्वा मीटरची धाव दोन मिनिटांहून लांबते. दहा सेंटीमीटर व्यासाची चकती लावून तिच्यावर दोरा गुंडाळा, तीच धाव सोळा-सतरा सेकंदांवर येते. ताकद मात्र तेवढीच कमी होते, त्यामुळे गाडा पुठ्ठ्याचाच हवा.

चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी मोटरसाठी नाही. कधीच नाही.

चार मोटरी यूएसबीवर चालवू नका. वेगळा 5 व्होल्ट, 3 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर घ्या, आणि त्याचा ग्राउंड (ऋण टोक) आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडा.

स्विचच्या लांब वायरी मोटरच्या वायरींबरोबर एकाच जुडीत बांधू नका. आर्डुइनोच्या आतला पुलअप (स्विच दाबलेला नसताना त्याची वायर 5 व्होल्टवर धरून ठेवणारा रोध) अशा वेळी कमजोर पडतो. मी बाहेरून 4.7 किलोओहमचा लावतो.

ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचायची पाटी) रिक्षातून नेलात तर मैदानावर पोहोचेपर्यंत दोन वायरी सुटलेल्या असतात. झिरो पीसीबीवर (भोकं पाडलेली कोरी सर्किट पाटी) सोल्डर करा, बाहेर जाणाऱ्या वायरींना स्क्रू टर्मिनल लावा.

शर्यत संपल्यावर गाडे हाताने मागे ओढू नका, आतले गिअर तुटतात. सुरुवातीच्या रेषेवर प्रत्येकी एक स्विच लावा. तो दाबला जाईपर्यंत गाडा स्वतः मागे येऊ दे.

आणि पिशवीत प्रोग्राम भरलेला दुसरा आर्डुइनो ठेवा. स्टॉलसमोर मुलं उभी असताना लॅपटॉप उघडून बसायला वेळ नसतो.