रानातला पहिला मुक्काम: नवखीला पाहुणी म्हणून नेऊ नका

सह्याद्रीत तंबू टाकून राहायला नवख्या मैत्रिणीला नेलं की अनुभवी बाई हौसेने सगळं स्वतःच करते. जागा हेरते, तंबू उभारते, चहा करून हातात देते. नवखी मजेत राहते आणि घरी पोचल्यावर म्हणते, ‘तू असशील तरच पुन्हा येईन.’ म्हणजे नेणारीचं काम फसलं. धीर हाताला काम दिल्याने येतो. म्हणून कोणतं काम कधी सोपवायचं, हे निघण्याआधी ठरवा. चार नवख्यांमागे दोन अनुभवी पुरतात. त्याहून मोठा घोळका झाला की कामं पुन्हा त्याच दोघींच्या गळ्यात पडतात.

आधी प्रत्येकीशी वेगळं, फोनवर बोला. भीती नेमकी कशाची, ते विचारा. ‘बिबट्या’ म्हणणारीला कधी कधी खरी काळजी रात्री लघवीला कुठे जायचं याची असते, आणि ते सगळ्यांसमोर बोलवत नाही. अंधार, जनावर, अनोळखी पुरुष, थंडी, पाळी, वाट चुकणं ही वेगवेगळी दुखणी आहेत. ‘घाबरू नकोस गं’ हे त्यातल्या एकाचंही औषध नाही.

घरच्या गच्चीवर

नवख्यांसाठी दोघींचा घुमटाकार, दोन ते अडीच किलोचा तंबू घ्या, कारण तो खुंट्या न ठोकताही उभा राहतो. प्रत्येकीने तो तीनदा उभारायचा: एकदा सांगितलेलं ऐकत, एकदा एकटीने आणि एकदा अंधारात, डोक्याला टॉर्च लावून. तिसऱ्यांदा पंधरा मिनिटांत जमला की पुरे. दांडा नळीसारख्या कापडात सरकवताना ढकलायचा. ओढला की आतले सांधे सुटतात आणि नवखीला वाटतं, आपण मोडला. खालचा प्लास्टिकचा कागद तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी थोडा लहान हवा. बाहेर डोकावणारा कागद दव आणि पाऊस गोळा करून थेट पाठीखाली आणतो.

खुंटी तंबूपासून उलट्या बाजूला कलती ठोकायची. कातळावर ती शिरणारच नाही. तिथे दोरी मुठीएवढ्या दगडाला बांधायची आणि त्यावर मोठा धोंडा ठेवायचा. गच्चीवर हीच सवय विटा वापरून होते. वरचं कापड ताणल्यावर झरोके उघडे ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आत थंड होऊन पहाटे अंगावर ठिबकते आणि ‘तंबू गळतो’ अशी ओरड सुरू होते.

गॅसची शेगडीही घरीच पेटवून बघायची. 230 ग्रॅमचा डबा दोघींना एका मुक्कामाला भरपूर होतो. शेगडी तंबूच्या आत कधीच नाही: विषारी वायू साठतो आणि त्याला वास नसतो.

कधी, कुठे

नोव्हेंबर ते जानेवारी बरा. पाऊस थांबलेला असतो आणि गवत अजून वणव्याइतकं वाळलेलं नसतं. तारीख मात्र चंद्र बघून ठरवा: पौर्णिमेच्या दोन दिवस आधीची. त्या दिवशी सूर्य मावळताना चंद्र आधीच वर असतो आणि रात्रीचा बराचसा भाग उजेड देतो. पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी गेलात तर चंद्र उशिरा उगवतो आणि नवखीला सर्वांत जड जाणारे संध्याकाळचे दोन तास मिट्ट काळोखात जातात. शनिवार, 31 डिसेंबर आणि काजव्यांचे दिवस टाळा. त्या रात्री लोकप्रिय ठिकाणी दारू पिणारी टोळकी असतात. जनावरांपेक्षा त्यांचा ताप खरा.

पहिली रात्र रानात नको, गावाच्या अंगणात. लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्याला श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडी आहे. तिथे घरगुती जेवण मिळतं आणि अंगणात तंबू टाकता येतो. दुसरी रात्र गावाबाहेरच्या शेतात, मालकाला विचारून. रान त्यानंतर.

परवानगीचा घोळ आधीच निस्तरा. अभयारण्यात वनखात्याने ठरवून दिलेल्या जागीच, परवानगीनेच राहता येतं. संरक्षित स्मारक असलेल्या अनेक किल्ल्यांवर रात्री थांबायला बंदी आहे. राखीव जंगलात जाळ करणं गुन्हा आहे, त्यामुळे शेकोटीचं आमिष कुणाला दाखवूच नका.

गावात ओळख

लपून राहिलं की सुरक्षित, हा हिशोब सह्याद्रीत चालत नाही. इथे ओसाड वाटणाऱ्या पठारावरही गुराखी फिरतो, मधासाठी कुणी येतं, आणि तंबू दिसल्याची बातमी तासाभरात वाडीत पोचते. मग ती आपणच सांगितलेली बरी. गावात शिरल्यावर पोलीस पाटलांच्या घरी जा. किती जणी, कुठे राहणार, सकाळी कधी उतरणार ते सांगा आणि त्यांचा नंबर घ्या. घरातल्या मावशींशी दोन शब्द बोला, पाण्याची जागा त्यांनाच विचारा. हे बोलणं नवखीने करायचं, तुम्ही मागे उभ्या राहा. गावकऱ्यांशी बोलता येतं हे एकदा कळलं की अनोळखी पुरुषांची भीती निम्मी होते.

वाटेत कुणी विचारलं, ‘एकट्याच काय?’ तर उत्तर तयार हवं: ‘नाही, बाकीचे मागून येतायत. पाटलांना सांगून आलोय.’ तंबूची जागा सांगायची नाही. फोटो घरी पोचल्यावरच टाकायचे.

घरी एकच माणूस ठरवा. त्याला रात्री आठला आणि सकाळी सातला निरोप जाईल. दहापर्यंत सकाळचा निरोप आला नाही तर आधी पोलीस पाटलांना फोन, मग 112. ‘काळजी वाटली तर बघ’ अशा मोघम सांगण्याने एक तर कुणीच हलत नाही, नाहीतर पहिल्याच तासाला अख्खं घर हादरतं. रेंज नेमकी कुठे येते, ती जागा उजेडात शोधून ठेवा.

चारच्या आत

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो. अंधार तेरा तासांचा, म्हणून चारला जागेवर पोचा. जागा नवख्यांना निवडू द्या, मग का नको ते सांगा. ओढ्याचं कोरडं पात्र नको. कड्याखाली नको, माकडं दगड पाडतात. वाळलेल्या फांदीखाली नको. पाण्याच्या टाक्यालगत नको, रात्री तिथे जनावरं येतात. वर पाहून आग्यामोहोळ नाही ना, ते तपासा. कड्याच्या अगदी काठावर फोटो छान येतो, पण रात्री जोराचा वारा तंबू झोपवतो. जुन्नरकडे असाल तर उसाच्या फडापासून लांब राहा; तिथले बिबटे उसातच दबा धरतात. वाटेत मागे लागलेल्या कुत्र्याला खाऊ घालून तंबूशी झोपवू नका, बिबट्याला कुत्रा प्रिय.

मग शौचाची जागा. पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, उताराच्या बाजूला, खुरप्याने वीतभर खोल खड्डा, वापरल्यावर माती. कातळावर माती उथळ असते, म्हणून हे काम उजेडातच. रात्रीच्या लघवीसाठी तंबूपासून दहा पावलांवर वेगळी जागा ठरवा आणि तिथपर्यंत प्रत्येकीने एकदा टॉर्च घेऊन, एकदा टॉर्च बंद करून चालत जायचं. बाहेर पडावंसंच वाटत नसेल तर रुंद तोंडाची झाकणाची बाटली आणि उभ्याने वापरायचं नरसाळं चालतं. घरी मोरीत सराव मात्र करा. सर्वांत वाईट चूक म्हणजे लघवी नको म्हणून पाणीच न पिणं. डोकं दुखतं, पायात गोळे येतात, जळजळ सुरू होते. माणशी तीन लिटर पाणी ठेवाच.

पाळी आली म्हणून बेत मोडायचं कारण नाही. वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, चमचाभर कोरडी चहापत्ती घातलेल्या झिपच्या काळ्या पिशवीत ठेवायचं आणि परत आणायचं. पुरू नका, जनावरं उकरतात. जाळूही नका, नीट जळत नाही. पाळीचा कप वापरणारीने हात धुवायला साबण आणि अर्धा लिटर वेगळं पाणी ठेवावं. नवा कप पहिल्यांदा रानात वापरून बघू नये.

रात्र

थंडी वाजली की झोप येत नाही, आणि जागीला प्रत्येक पान वाजलेलं ऐकू येतं. थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त येते. म्हणून जाड फोमची चटई आधी, मग स्लीपिंग बॅग. झोपताना कोरडे मोजे, एक गूळ-शेंगदाण्याचा लाडू, आणि स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून पायाशी.

आवाजांची नावं आधीच सांगून ठेवा. एकसुरी ‘चुक-चुक-चुक’ करतो तो रातवा पक्षी. भांडल्यासारखा कलकलाट पिंगळ्यांचा, म्हणजे छोट्या घुबडांचा. कुत्र्यासारखं भुंकणं गावापासून दूर ऐकू आलं तर ते भेकर, म्हणजे छोटं हरीण, असू शकतं. पिशव्या खुडबुडवतो तो बहुधा उंदीर किंवा उदमांजर. खाणं डब्यात घट्ट बंद केलं तर तो येतच नाही.

तंबूची चेन सतत बंद. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. बंद तंबूत ती शिरत नाही. बूट आत घ्या आणि सकाळी झटकून घाला, विंचू असतो. साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही नको. तो अवयव हलू न देता 108 ला फोन आणि जवळचं सरकारी रुग्णालय.

मध्यरात्री एखादी म्हणेल, ‘मला परत जायचंय.’ तिला हसू नका, समजूतही घालत बसू नका. टॉर्च लावा, दोघी मिळून तंबूभोवती एक फेरी मारा, गरम पाणी द्या, अर्धा तास सोबत बसा. तरीही जायचं म्हणाली, तर गाव जवळ निवडलंय ते याचसाठी: ठरलेल्या घरी तिला दोघी पोचवून या. अंधारात अनोळखी कड्याची वाट मात्र कुणासाठीही उतरायची नाही.

पुढच्या मुक्कामाला पोलीस पाटलांना फोन, जागेची निवड आणि निघायची वेळ तिची. तुमचा तंबू तिच्यापासून पन्नास पावलांवर. त्याच्या पुढच्या वेळी ती एखाद्या नव्या मैत्रिणीला आणेल. तेव्हा तंबू कोण उभारतंय यावर लक्ष ठेवा.